तिसऱ्या हाकेची वाट

भाद्रपद उतरणीला लागला की मीरा रोडच्या हवेला एक चिकटपणा येतो. पाऊस गेलेला नसतो, पण त्याचं मन उडालेलं असतं. दुपारी रणरणतं ऊन, मग अचानक आभाळ भरून येतं आणि संध्याकाळी खाडीचा वास घेऊन असा वारा सुटतो की दोरीवर वाळलेले कपडे पुन्हा दमट होतात. गणपती गेलेले, देवीला अवकाश. मधले दिवस पितरांचे. बिल्डिंगच्या गच्चीवर पाण्याच्या टाकीपाशी कुणाकुणाच्या घरची केळीची पानं दिसू लागतात आणि कावळ्यांना एकदम भाव येतो. एरवी ज्यांना हाड्-हाड् करून हाकलतो, त्यांनाच आपण हात जोडून बोलावत उभे असतो.

या दिवसांत मी घरात दिवे लवकर लावते. समोर एक टॉवर अर्धवट बांधून ठेवलाय. भिंती आहेत, खिडक्यांची भोकं आहेत, काचा नाहीत, माणसं नाहीत. जिथे तो उभा आहे तिथे पूर्वी पाणथळ होतं. वारा त्या भोकांतून शिरला की टॉवर लांबलचक हुंकार देतो, कुणीतरी गोष्ट ऐकत असल्यासारखा. सवय झाली आहे म्हणते मी, पण हुंकार आला की हातातलं काम थांबतंच.

तीन वर्षांपूर्वीच्या भाद्रपदात तो टॉवर असाच हुंकारत होता आणि मी त्याच्याकडे पाठ करून भुतांशी गप्पा मारत होते. पोटासाठी.

माझं काम सांगितलं की लोक आधी हसतात. मी व्हिडिओ गेम तपासते. बाजारात येण्याआधी, अर्धेकच्चे असताना ते माझ्या लॅपटॉपवर येतात आणि त्यांतल्या चुका मी शोधायच्या. चाळिशी गाठलेली बाई भिंतींना धडका देत बसते, कुठली भिंत पोकळ निघते ते बघायला. आई नातेवाइकांना सांगते, "ती कंप्युटरचं बघते." त्याहून खोलात कुणी शिरत नाही, ते बरंच आहे.

त्या वर्षी आलेला खेळ होता एका भुताळी बंगल्याचा. पण भुतं सगळी विनोदी. डोकं नसलेला एक खानसामा होता, तो पाहुण्यांसाठी चहा आणायचा आणि आधी चव घ्यायची म्हणून आपल्याच मानेत ओतायचा. एक म्हातारी मडम कवळी शोधत भिंतींमधून आरपार जायची. एक कपाट शिंकायचं. आणि जिन्याच्या कठड्यावर एक पोपट होता, नुसत्या हाडांचा, चोच मात्र लालभडक. बंगल्याची दारं किल्लीने नाही, हाकेने उघडायची. आपण लॅपटॉपसमोर बसून हाक मारायची, शब्द कुठलाही चालेल, पण हाकेत दम पाहिजे. दम असेल तर दार करकरत उघडायचं. नसेल तर खानसामा कमरेत वाकून म्हणायचा, "ऐकू नाही आलं, मालक! मला कानच नाहीत."

आणि पोपट. ज्या हाकेने शेवटचं दार उघडलं, ती हाक तो घशात धरून ठेवायचा आणि आपण बेसावध असताना दोनदा परत म्हणायचा. पुढचं दार दुसऱ्या कुणाच्या हाकेने उघडलं की जुनी टाकून नवी धरायचा.

हिंदी, मराठी, इंग्रजी, सगळ्या आवाजांना दारं उघडतात का, हे मी पाहायचं होतं. म्हणून मी दिवसभर ओरडत असे. एकदा शेजारच्या रुबीनाभाभी धावत आल्या. माहेर इथल्याच नया नगरचं, लग्नानंतर आमच्या मजल्यावर. कणकेचे हात तसेच. "वैशाली, किस पे चिल्ला रही हो? सब ख़ैरियत?" मी त्यांना खानसामा दाखवला. त्या हसता हसता सोफ्यावर बसल्या आणि मग एकदम गंभीर होऊन म्हणाल्या, "मग़रिब के वक़्त मत खेला करो. शाम को कोई बुलाए ना, तो हमारी नानी भी जवाब देने नहीं देती थीं."

नानी "भी" म्हणाल्या, कारण आमच्या घरातला नियम त्यांना ठाऊक होता. तो नियम अण्णांचा.

अण्णा म्हणजे माझे वडील. आम्ही मूळचे मुर्ध्याचे, खाडीकाठच्या गावचे. भातशेती थोडी, मिठागर जास्त. आता तिथे मीठ पिकत नाही, पण माझ्या लहानपणी पाऊस सरला की बांध पुन्हा घालायची गडबड उडायची आणि अण्णा बांधावरून कामकऱ्यांना हाका मारायचे. काय हाक होती ती! पाण्यावरून सरकत थेट आमच्या ओट्यापर्यंत यायची. मला घरी बोलवायचं झालं तरी ते जागचे हलत नसत. "बबेऽऽ" म्हणून एकदा आवाज टाकला की मी असेन तिथून धूम ठोकायचे. बबी माझं घरातलं नाव.

दिवेलागणीनंतर मात्र एका हाकेला धावायचं नाही. अण्णा बांधावरच्या झोपडीत राखणीला बसत, तिथलं त्यांचं शास्त्र होतं. अंधारात आपलं नाव कुणी घेतलं तर गप्प राहायचं. दुसऱ्यांदा घेतलं तरी गप्प. तिसरी हाक आली की खुशाल ओ द्यायची, कारण भुताला दोनदाच हाक मारता येते. तिसरी मारायला छातीत जिवंत माणसाचा श्वास लागतो. "आनि ओ न्हाय दिली त?" मी विचारायचे. "त ता बिचारा थयाच उभा ऱ्हातं," अण्णा म्हणायचे. ओ मिळेपर्यंत ते हाक मारणारं तिथून हलत नाही. मिठागराच्या पांढऱ्या पट्ट्यावर संध्याकाळी मला अशी किती जणं उभी दिसायची. बहुतेक बगळे असतील.

तर त्या भाद्रपदात हे अण्णा माझ्या फ्लॅटच्या आतल्या खोलीत बसून होते आणि त्यांची वाचा गेली होती.

पावसाळ्याच्या तोंडाला त्यांना झटका आला. उजवा हात लुळा पडला, पाय थोडा सुधारला, जीभ मात्र उठली नाही. दवाखाना जवळ म्हणून मुर्ध्याचं घर बंद करून दोघं माझ्याकडे आले. बोलायला शिकवणाऱ्या मॅडम घरी यायच्या. त्या आईला आणि मला बाजूला घेऊन म्हणाल्या, "घसा ठीक आहे. ते बोलू शकतील. पण प्रयत्नच करत नाहीयेत, आणि हे पहिले महिने गेले तर मग कठीण आहे." मॅडम त्यांच्यापुढे बसून "पा, बा, मा" म्हणायच्या आणि अण्णा भिंतीकडे बघत राहायचे. मला त्यांची लाज कळत होती. ज्याची हाक खाडीवरून जायची, त्याने बाळासारखं "बा" म्हणायचं, तेही नीट न येणारं.

न बोलणारा माणूस घरात असला की घराला कसलीतरी बाधा होते. खोलीत दिवा लावायला ते सांगायचे नाहीत, म्हणून खोली अंधारी. पाणी मागायचे नाहीत. मी काम करत असताना मानेवर काहीतरी जाणवायचं, वळून बघावं तर अण्णा मागे उभे, किती वेळ कोण जाणे. मी दचकायचे, ते निघून जायचे. चालताना लुळा पाय फरशीवर घासायचा, तेवढाच त्यांचा आवाज. आई एकदा वाल सोलता सोलता म्हणाली, "घरान मानूस हाय असा वाटतच न्हाय गो." मला त्या वाक्याने थंडी भरली, कारण मलाही तेच वाटत होतं आणि मी ते मनातसुद्धा म्हटलं नव्हतं.

मी त्यांना खेळ दाखवला. मानेत चहा ओतणारा खानसामा बघून त्यांच्या ओठाची डावी बाजू वर गेली. कित्येक आठवड्यांनी हसले होते. मला हुरूप आला. म्हटलं, "अण्णा, मारा हाक. दार उघडेल." त्यांनी माझ्याकडे बघितलं, मग लॅपटॉपकडे. गळ्याच्या शिरा ताणल्या. नुसती हवा आली. खानसामा वाकला. "ऐकू नाही आलं, मालक! मला कानच नाहीत." अण्णा उठले, पाय घासत खोलीत गेले. मला त्या खानसाम्याचा असा राग आला की डोकं असतं तर उडवलं असतं.

पोपटाने मात्र आईला पकडलं. ती स्वयंपाकघरातून "बबे, जेवाला ये" म्हणून ओरडली, तिच्या हाकेने कुठलंसं दार उघडलं, आणि पोपट दिवसभर तिच्या आवाजात "बबे, बबे" करत राहिला. आई कमरेवर हात ठेवून त्याच्यासमोर उभी राहिली. "दोनदाच बोलतं न? मंग भूतच हाय ता," तिने निकाल दिला.

मग घरात विचित्र गोष्टी घडू लागल्या. खेळ दिवसचे दिवस चालू ठेवला तर अडकतो का, हेही मला तपासायचं होतं. म्हणून लॅपटॉप आतल्या खोलीतल्या टेबलावर उघडाच असायचा. मी भाजी आणायला खाली जाई, परत येऊन बघे तर खेळ मी सोडला तिथे नसायचा. खानसामा जिन्यापाशी ठेवून गेलेली असायचे, तो तळघराच्या बंद दारासमोर उभा. मी म्हटलं चूक असेल, खेळ आपोआप सरकतोय. दोनदा बंद करून चालू केला. पुन्हा तेच. दुपारी पंख्याच्या घरघरीत आतून कसलासा फुसफुसाट ऐकू यायचा, कुणीतरी निखारा फुंकत असल्यासारखा. उठून गेलं की अण्णा पलंगावर भिंतीकडे तोंड करून झोपलेले आणि पडद्यावर तळघराचं दार, तसंच बंद.

आईला सांगितलं. तिने मीठ-मोहरी घेतली आणि लॅपटॉपवरून उतरवून टाकली. मी चिडवलं तर म्हणाली, "मिठाला घाबरत न्हाय असा भूत आजून जल्मलं न्हाय." मिठागरवाल्यांची सून शेवटी. मी हसले, पण मीठ ओवाळून झाल्यावर तो मुठीतला खारा वास नाकाशी आला आणि बरंही वाटलं.

सर्वपित्रीची संध्याकाळ. गच्चीवरच्या पानाला कावळा लवकर शिवला होता. आई आणि मी स्वयंपाकघरात होतो. आभाळ खाली आलेलं, वारा पडलेला. एकदम लाइट गेली. आमच्या बाजूला अशी लाइट गेली की आधी सगळ्या बिल्डिंगमधून एक मोठा सुस्कारा ऐकू येतो आणि मग शांतता पसरते. आई चाचपडत काड्यापेटी शोधत होती.

"बबे."

आतल्या खोलीतून आलं. मी "ओ" म्हणायला तोंड उघडलं आणि आईने माझं मनगट धरलं. "थांब." तिचा हात पिठाने कोरडा आणि गार होता.

पोपट असणार. लॅपटॉप बॅटरीवर चालू राहतो, हे माझ्याहून जास्त कुणाला ठाऊक? पण पोपटाच्या घशात आईची हाक होती, चिरकी, वरच्या पट्टीतली. ही घोगरी होती. खाली घसरलेली. ओल्या मातीतून पाय उपसावा तशी.

"बबे."

दोन झाल्या. मी देवधर्मातली नाही. भुतं कशी बनवतात, कुठे फसतात, हे बघून पोट भरते. तरी मी आईइतकीच श्वास धरून उभी होते. खरं सांगायचं तर मला भुताची भीती वाटत नव्हती. भीती ही होती की तिसरी हाक येणारच नाही. म्हणजे तो पोपटच ठरेल, आणि आत अंधारात अण्णा भिंतीकडे तोंड करून तसेच असतील, आज, उद्या, नेहमीच. पडलेला वारा उठला आणि समोरच्या टॉवरने हुंकार दिला. आईची पकड घट्ट झाली. तिलाही तेच वाटत होतं, मला हातातून कळत होतं.

आणि आत कुणीतरी मोठा श्वास घेतला. पोपटाला श्वास नसतो.

"बबेऽऽ!"

वाकडी होती, फाटकी होती, मधेच तुटली होती. पण ती खाडीवरून येणारी हाक होती. मी आणि आई एकदमच ओरडलो, "ओऽ!" आणि दारात एकमेकींना धडकत आत गेलो.

अण्णा लॅपटॉपच्या उजेडात बसले होते, घामाने निथळत. दुपारचा तो फुसफुसाट त्यांचा होता. आम्ही नसताना रोज त्या तळघराच्या दारासमोर बसून ते चोरून हाक मारत होते. आणि त्या क्षणी पडद्यावर ते दार सताड उघडं होतं. बिनडोक्याचा खानसामा आडवा होऊन मुजरा करत होता. अण्णांनी डाव्या हाताने दाराकडे बोट दाखवलं, मग आमच्याकडे बघून तोंड वाकडं करत हसले. आई पलंगावर बसली आणि पदराने त्यांचं कपाळ पुसत म्हणाली, "तीनदा मारलीत. मानूसच हाय, मना माहीत व्हता." मग ती रडली. मीही रडले. लाइट आली तेव्हा तिघंही विचित्र दिसत होतो.

पुढे शब्द आले, थोडे, अडखळत. अण्णांनी त्यांतले बरेच रिक्षावाल्यांना शिव्या घालण्यात खर्च केले, आणि आईने एकदाही अडवलं नाही. माझं काम संपलं होतं. तो खेळ मग कुणी उघडला नाही.

गेल्या वर्षी चैत्रात अण्णा गेले. दुपारच्या झोपेत, हाक न मारता.

दिवसकार्य झाल्यावर लॅपटॉप साफ करायला बसले होते. जुना खेळ दिसला, उघडला. तळघराचं उघडं दार, खाली जाणाऱ्या पायऱ्या, तळाशी आणखी एक बंद दार आणि कठड्यावर पोपट. तो म्हणाला, "बबेऽ. बबेऽ."

खरं तर खेळ बंद केला की पोपटाने सगळं विसरायला हवं. बाजारात आला त्या खेळात तो विसरतो. माझ्याकडच्या कच्च्या प्रतीत मात्र ती चूक राहून गेली आहे. चुका शोधणं हा माझा धंदा, आणि या एका चुकीवर मी जगत होते. दिवेलागणीला खेळ उघडायचा, माइकच्या बारीक भोकावर अंगठा दाबून बसायचं. कारण तिथे माझा आवाज पोचला, खालचं दार उघडलं, की पोपट अण्णांची हाक टाकून माझी धरणार. म्हणून मी ओ देत नव्हते. दोन हाका यायच्या, मग शांतता. तिसरीची वाट मी रोज बघायचे. येणार नाही हे माहीत असून.

फोनवर टिपून ठेवावी, असं डोक्यात आलं होतं. आईला तसं म्हटलं. ती एवढंच म्हणाली, "कोंडून ठेवशील त्याना?" मी फोन खाली ठेवला.

वर्षश्राद्ध झालं, त्यामुळे यंदा पितरांत अण्णांचं पान पहिल्यांदाच होतं. कावळा लगेच आला. आई म्हणाली, त्यांना कुणाला ताटकळत ठेवायची सवय नव्हती.

त्या संध्याकाळी हवा तशीच चिकट होती. समोरच्या टॉवरच्या भोकांत अंधार भरत होता. मी आतल्या खोलीत अंगठा दाबून बसले होते.

"बबेऽ. बबेऽ."

दारात चाहूल लागली. आई दिव्याचं तेल हातात घेऊन उभी होती. मला वाटलं, आता म्हणेल थांब. तिने पडद्यावरच्या हाडांच्या पोपटाकडे बघितलं, मग माझ्या अंगठ्याकडे.

"ओ दे गो," ती म्हणाली. "किती दीस उभा ठेवशील त्याना?"

मी माइकवरून अंगठा काढला. मग ओ दिली. लहानपणी द्यायचे तशी, पूर्ण छातीतून.

खालचं दार करकरत उघडलं. आत काहीच नव्हतं, एक रिकामी खोली आणि खिडकीतून येणारा उजेड. पोपटाने मान वाकडी केली आणि माझ्याच आवाजात म्हणाला, "ओऽ." पुन्हा म्हणाला, "ओऽ."

तिसरी ओ आईने दिली.